डिस्टर्ब : ढवळलेले पाणी आणि ढवळलेले मन



आजचे व्याख्यान एका शब्दाबद्दल आहे. शब्द इंग्रजी आहे, पण आपल्या घरात तो आता पाहुणा राहिलेला नाही. कुणी पाट मांडायची वाट न बघता तो सरळ जेवायला बसतो. तो शब्द म्हणजे ‘डिस्टर्ब’.

आपण तो कसकसा वापरतो ते आधी बघू. ‘दादाची परीक्षा आहे, त्याला डिस्टर्ब करू नकोस.’ इथे अर्थ आहे व्यत्यय. ‘आवाज नीट येत नाही, लाइनमध्ये डिस्टर्बन्स आहे.’ इथे अर्थ खरखर. ‘आज जुन्या शहरातून जाऊ नका, तिकडे वातावरण डिस्टर्ब आहे.’ इथे अर्थ तणाव. आणि चौथे वाक्य, ‘लग्न मोडल्यापासून ती फार डिस्टर्ब आहे.’ इथे आपण मनाबद्दल बोलतोय.

चार वाक्ये आणि चार जागा: काम, आवाज, वस्ती, मन. शब्द एकच. मग हा एका शब्दाचा एकच अर्थ चार ठिकाणी लावलेला आहे, की हे चार वेगळे अर्थ आहेत? आणि यांतला खरा कोणता, उसना कोणता? तत्त्वज्ञानात हा प्रश्न जुना आहे. आपल्याकडच्या आलंकारिकांनी त्यावर फार बारकाईने लिहिलेले आहे.

कुणी म्हणेल, शब्दांचा असा काथ्याकूट कशाला? तर त्याचे कारण असे की, माणसाचे दुःख आणि माणसाने केलेला निषेध, या दोन्हींवर आपण हल्ली हाच एक शिक्का मारतो. शिक्का मारला की पुढचे विचारायचे राहून जाते. ते विचारायचे कसे, हे आज बघायचे आहे.

शब्दाचे कूळ

लॅटिन भाषेत ‘तुर्बा’ असा शब्द आहे. अर्थ गर्दी, गोंधळ, गलका. त्यावरून क्रियापद झाले ‘तुर्बारे’, म्हणजे ढवळणे, गोंधळ माजवणे. त्याला ‘दिस्’ हा उपसर्ग लागला आणि ‘दिस्तुर्बारे’ तयार झाले, म्हणजे पार उधळून टाकणे. फ्रेंचमधून ते इंग्रजीत आले. त्याची भावंडेही आपल्या ओळखीची आहेत. ‘ट्रबल’ याच घरातला. विमान हलायला लागले की वैमानिक ज्याचे नाव घेतो तो ‘टर्ब्युलन्स’ याच घरातला. आणि ‘टर्बाइन’सुद्धा याच कुळातला मानतात; लॅटिनमध्ये त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ भोवरा किंवा गरगरणारी वस्तू. म्हणजे आपल्या पाणचक्कीत उंचावरून आणलेले पाणी पात्यावर पडते आणि पाते गरगर फिरते, तिथे या शब्दाचा एक दूरचा नातेवाईक रोज कामाला लागलेला होता.

ग्रीक भाषेतही असेच घडले. तिथे ‘तारास्सेइन’ म्हणजे ढवळणे. होमरच्या ओडिसीत पोसायडन हा समुद्रदेव हातात त्रिशूळ घेऊन समुद्र ढवळून काढतो, तिथे हेच क्रियापद आहे. पुढे एपिक्युरस आला, इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातला. त्याने सुखी जीवनाचे लक्षण सांगताना याच धातूचा नकार केला, ‘अताराक्सिया’. म्हणजे न ढवळले जाणे. आधी समुद्र ढवळला गेला, मग मन. आणि शेवटी मन न ढवळणे हे जीवनाचे ध्येय झाले.

आता आपल्याकडे या. संस्कृतात ‘क्षुभ्’ हा धातू आहे. त्यावरून क्षोभ, क्षुब्ध, प्रक्षोभक, विक्षोभ. पाणिनीने एक गंमतीची नोंद केलेली आहे. ‘क्षुब्ध’ हे रूप त्याने ‘मंथ’ या अर्थासाठी राखून ठेवले, म्हणजे घुसळण्याच्या कामाशी जोडले. बाकीच्या ठिकाणी ‘क्षुभित’ म्हणावे. आज आपण ‘जमाव क्षुब्ध झाला’ असे वर्तमानपत्रात वाचतो तेव्हा ताक घुसळायची रवी कुणाच्या डोळ्यांसमोर येते? येत नाही. पण शब्दाच्या पोटात ती आहे.

लॉकची यादी

हे सगळे योगायोगाने होत नाही. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने मानवी आकलनावरचा आपला मोठा निबंध १६९० मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या तिसऱ्या खंडात तो म्हणतो की, जे डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, त्याबद्दलचे आपले शब्द शेवटी दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या गोष्टींवरूनच आलेले असतात. उदाहरणादाखल तो मनोव्यापारांच्या काही शब्दांची यादी देतो. त्या यादीत आजचा आपला शब्द आहे, ‘डिस्टर्बन्स’. आणि त्याच्या शेजारीच त्याचा विरोधी शब्दही आहे, ‘ट्रँक्विलिटी’, म्हणजे शांतता.

लॉकचे म्हणणे खरे मानले तर एक अडचण उभी राहते. मनाबद्दलचा प्रत्येक शब्द जर बाहेरून उसना आणलेला असेल, तर मनाबद्दल आपण वाच्यार्थाने काही बोलतो की नाही? ‘मन ढवळले’ हे जर नुसते अलंकारिक असेल, तर त्या अलंकाराशिवाय तीच गोष्ट सांगून दाखवा. ‘मन अस्वस्थ झाले’ म्हणाल, तर त्यात ‘स्व-स्थ’ म्हणजे आपल्या जागी असणे, ही पुन्हा जागेची प्रतिमा. ‘उद्विग्न झाले’ म्हणाल, तर ‘विज्’ म्हणजे थरथरणे, दचकून मागे होणे. ‘विचलित झाले’ म्हणाल, तर चळणे. कुठेही जा, मागच्या दाराने एखादी हालचाल आत येतेच.

मराठीची कोठी

मराठीची गोष्ट तर फारच समृद्ध आहे. आणि तिचे बरेचसे शब्द स्वयंपाकघरातून आणि पाण्याच्या कडेने आलेले आहेत.

‘ढवळणे’ घ्या. डाळ ढवळतात. पण ‘ढवळाढवळ’ मात्र दुसऱ्याच्या कारभारात करतात. ‘खळबळणे’ म्हणजे भांड्यात पाणी घालून ते हिसळून काढणे. त्यावरून गावभर ‘खळबळ’. ‘कालवणे’ म्हणजे भातात वरण हाताने मिसळणे. ‘काळजात कालवाकालव’ मात्र वेगळीच. ‘हेलावणे’ लाटेचे, आणि सभागृहही हेलावते. ‘गलबला’ बाजाराचा, आणि ‘गलबलून’ येते ते आतून. ‘विस्कटणे’ केसांचे, कपड्याच्या घडीचे, आणि मग संसाराच्या घडीचे. ‘विस्कळीत’ हा शब्द तर पावसाळ्यात रोज छापून येतो: जनजीवन विस्कळीत, वाहतूक विस्कळीत. उत्खनन करणारे लोकही थर विस्कळीत झाला असे म्हणतात. नंतरच्या काळात कुणी खड्डा खणला, वरची माती खाली आणि खालची वर गेली, की त्या थरावरून काळ ठरवता येत नाही. इंग्रजीत त्या थराला ‘डिस्टर्ब्ड’ म्हणतात. इथे हा शब्द अगदी वाच्यार्थाने, मातीबद्दल वापरलेला आहे.

अजिंठ्या-वेरूळच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. त्यांना धूर, दगड, आरडाओरडा यांपासून दूर ठेवा असे का सांगतात, हे आपल्याला ठाऊक आहे. मोहोळ उठले की पळता भुई थोडी होते. पण टीकेचेही मोहोळ उठते आणि आठवणींचेही उठते. क्रियापद तेच, ‘उठणे’.

आणि या सगळ्यांचा उतारा म्हणून मराठीने एक सुंदर शब्द ठेवला आहे, ‘निवळणे’. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की घरोघरी त्यात तुरटी फिरवायचे. पूर्वी निवळीचे बी उगाळून घालायचे; झाडाचे नावच निवळी. गाळ तळाशी बसला की पाणी निवळले. तसाच राग निवळतो आणि दोन गावांमधला तणावही निवळतो. म्हणजे मराठीत बिघाडाची प्रतिमा पाण्याची, आणि दुरुस्तीची प्रतिमाही पाण्याचीच. इंग्रजीतला ‘डिस्टर्ब’ आपण आणला तेव्हा त्याचे पाणी तिकडेच राहिले. ‘हौदाचा तळ डिस्टर्ब झाला’ असे मराठीत कुणी म्हणत नाही. उसना शब्द असाच येतो: घरातली एक खोली उचलून आणतो, घर मागे राहते.

मुख्यार्थ आणि लक्ष्यार्थ

आता शास्त्राकडे वळू. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मट होऊन गेला. त्याच्या ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेची चर्चा आहे. शब्दाचा सरळ अर्थ तो मुख्यार्थ. तो लागू पडत नसेल, तर त्याच्याशी नाते असलेला दुसरा अर्थ आपण घेतो, तो लक्ष्यार्थ. यासाठी तीन गोष्टी लागतात. एक, मुख्यार्थाला बाधा यायला हवी. दोन, नव्या अर्थाचे मूळ अर्थाशी काही नाते हवे. तीन, तसे बोलण्याची रूढी हवी किंवा त्यामागे काही प्रयोजन हवे. परंपरेतले ठरलेले उदाहरण म्हणजे ‘गंगेवर गवळीवाडा आहे’. प्रवाहावर वाडा कसा असेल? म्हणून अर्थ घ्यायचा गंगेच्या काठावर. ‘काठावर’ असे सरळ न म्हणता ‘गंगेवर’ म्हटले, त्याचे प्रयोजन हे की गंगेचा थंडावा आणि पावित्र्य त्या वाड्यालाही मिळावे.

हे आपल्या वाक्याला लावून बघा. ‘तिचे मन ढवळून निघाले.’ मन ही पातेल्यात ठेवलेली वस्तू नाही, म्हणजे मुख्यार्थाला बाधा आली. तळाचा गाळ वर येणे आणि विसरलेल्या गोष्टी वर येणे, यांत साम्य आहे, म्हणजे नाते सापडले. आणि ते तसे म्हणण्यात प्रयोजनही आहे, कारण ‘तिला वाईट वाटले’ यापेक्षा त्यात जास्त सांगितले जाते. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या.

पण ‘ती डिस्टर्ब आहे’ याचे काय? इथे कुणाला बाधा जाणवते? कुणालाच नाही. ऐकणारा थेट अर्थावर पोहोचतो. यावरूनच आपल्याकडे एक नामी वाद झालेला आहे. मम्मटाने रूढ लक्षणेचे उदाहरण दिले ‘कुशल’ या शब्दाचे. मूळ अर्थ, कुश म्हणजे दर्भ हाताला न कापता आणणारा, त्यावरून निष्णात. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त यावर आक्षेप घेतला. तो म्हणाला, शब्द कशावरून बनला ही एक गोष्ट आणि तो आज कशासाठी वापरला जातो ही दुसरी. निष्णात हाच ‘कुशल’चा मुख्य अर्थ आहे, दर्भ ही त्याची फक्त व्युत्पत्ती.

आम्हाला इथे विश्वनाथाचे म्हणणे पटते. मराठीतल्या ‘डिस्टर्ब’ला ते पुरेपूर लागू आहे. मराठी माणसासाठी मानसिक त्रास हा त्या शब्दाचा लक्ष्यार्थ नाहीच, मुख्यार्थ आहे. पण त्याला एक पुरवणी जोडायला हवी. शब्दातली प्रतिमा मेली तरी प्रतिमेने आणलेली गृहीतके मरत नाहीत. पाणी दिसेनासे होते, पण पाण्याचे नियम मागे राहतात.

तीन गृहीतके

कोणते नियम? पाणी ढवळले, असे म्हणताना आपण न बोलता तीन गोष्टी मान्य केलेल्या असतात.

पहिली, ढवळण्याआधी पाणी स्थिर आणि स्वच्छ होते. दुसरी, ढवळणारे कुणीतरी किंवा काहीतरी बाहेरचे आहे. पाणी आपणहून ढवळत नाही. तिसरी, पुन्हा स्थिर होणे हेच चांगले, तीच पाण्याची खरी अवस्था.

पाण्याच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा खऱ्या असतात. हवामानखाते ज्याला पश्चिमी विक्षोभ म्हणते, ‘वेस्टर्न डिस्टर्बन्स’, तिथेही काही अंशी चालतात: वाऱ्याच्या नेहमीच्या प्रवाहात पश्चिमेकडून एक खळबळ येते, हिवाळ्यात उत्तरेला पाऊस आणि बर्फ देऊन पुढे जाते. पण तिथेही तिसरे गृहीतक लंगडे पडते. उत्तरेतल्या गव्हाला तोच पाऊस हवा असतो. माणसाचे मन आणि माणसांचा समाज यांच्याकडे आलो, की तिन्ही गृहीतके एकेक करून तपासावी लागतात.

निश्चल म्हणजे निर्मळ नव्हे

तिसऱ्यापासून सुरुवात करू. पाली भाषेतल्या संयुत्त निकायात संगारव नावाच्या ब्राह्मणाला भगवान बुद्धांनी दिलेले एक उत्तर आहे. पाठ केलेले मंत्र कधी आठवतात, कधी आठवत नाहीत, असे का, असा त्याचा प्रश्न होता. बुद्धांनी पाण्याच्या भांड्याची पाच उदाहरणे दिली. एकातल्या पाण्यात रंग मिसळलेला आहे, ती कामवासना. एकातले उकळते आहे, तो द्वेष. एकावर शेवाळ साचले आहे, तो आळस आणि सुस्ती. एकातले वाऱ्याने हलते आहे, ती चंचलता आणि हुरहूर. एकातले गढूळ आहे आणि भांडे अंधारात आहे, ती शंका. पाचांपैकी कुठल्याच पाण्यात माणसाला आपला चेहरा नीट दिसत नाही.

आपण एका ‘डिस्टर्ब’मध्ये जे कोंबतो, त्याची इथे पाच खणांत वाटणी झालेली आहे. रागाने उकळणारा मुलगा, काळजीने हलणारा मुलगा आणि काय करावे ते न कळून गढुळलेला मुलगा, तिघेही आपल्याला येऊन सांगतात, ‘सर, डिस्टर्ब आहे.’ उपाय तिघांचे वेगळे. उकळत्या पाण्याखालची आच काढावी लागते, हलत्या पाण्याला आडोसा द्यावा लागतो आणि गढूळ पाण्याला वेळ आणि उजेड.

पण खरी मेख तिसऱ्या भांड्यात आहे. शेवाळाचे पाणी अगदी स्थिर असते. त्याला कुणीही ढवळलेले नाही, आणि नेमके म्हणूनच त्यावर शेवाळ आलेले आहे. चेहरा त्यातही दिसत नाही. तेव्हा निश्चल आणि निर्मळ हे दोन वेगळे शब्द आहेत. काही पाणी ढवळल्यामुळे खराब होते, काही न ढवळल्यामुळे.

सॉक्रेटिसने अथेन्सच्या न्यायालयात स्वतःला गोमाशीची उपमा दिली. शहर म्हणजे मोठा, जातिवंत, पण सुस्तावलेला घोडा. आणि आपण त्याला चावून जागे ठेवणारी माशी. आपल्याकडे समुद्रमंथनाची कथा आहे. त्यात विष आधी निघते, पण अमृतही त्याच मंथनातून निघते. ‘डिस्टर्ब’ या शब्दात लोण्याला जागा नाही. ‘घुसळण’ या शब्दात आहे, म्हणून वैचारिक घुसळण झाली असे आपण समाधानाने म्हणतो.

कुणाची शांतता?

आता पहिले गृहीतक, म्हणजे आधी सगळे स्वच्छ आणि शांत होते हे. यासाठी पाण्याचेच उदाहरण घेऊ, आणि तेही आपल्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे.

१९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो ठराव लागू करायचे ठरवले. कागदावर तळे खुले झाले, प्रत्यक्षात नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, आणि पुढे पंचगव्य ओतून, मंत्र म्हणून ते तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

आपल्या आजच्या चष्म्यातून हे बघा. वाच्यार्थाने तळ्याचे काय बिघडले? ओंजळभर पाणी पिण्याने तळे गढूळ होत नाही. इतर धर्मांचे लोक ते पाणी वापरत होतेच, गुरेढोरेही पीत होती. तेव्हा ढवळले गेले ते पाणी नव्हते. एक व्यवस्था ढवळली गेली. पण बिघाड पाण्यात झाला असे सांगितले गेले, आणि उपायही पाण्यावरच केला गेला. लाक्षणिक अर्थाला वाच्यार्थाचे कपडे घालून उभे केले, की अन्याय असा नैसर्गिक दिसायला लागतो. तळ्याचा तो दावा पुढे दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

आपल्या मराठवाड्यातलेही उदाहरण दूर नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले, म्हणजे जवळजवळ साडेपंधरा वर्षे. त्या काळात ‘मराठवाडा शांत होता, नामांतराने अशांत केला’ हे वाक्य फार लोकांच्या तोंडी होते. वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. पण त्यातला ‘शांत’ हा शब्द तपासा. कुणासाठी शांत? गावकुसाबाहेर राहणाऱ्याला ती शांतता कशी लागत असेल? शेवाळालाच आपण निर्मळता म्हणत होतो का?

म्हणून ‘शांतता भंग केली’ असा आरोप कानावर आला, की आधी भंगलेल्या शांततेचे वर्णन मागावे. कधी ती खरोखर सर्वांची असते, आणि ती मोडणारा दोषी असतो. दंगल करणारा आणि पाणी पिणारा यांना एकाच क्रियापदात बसवू नये, एवढेच आमचे म्हणणे.

कर्ता कुठे गेला?

राहिले दुसरे गृहीतक, ढवळणाऱ्याचे. इंग्रजीत ‘डिस्टर्ब’ मूळचे सकर्मक क्रियापद आहे. कुणी कुणाला तरी डिस्टर्ब करतो. मराठीत आपण त्याचे विशेषण करून टाकले: ‘ती डिस्टर्ब आहे.’ विशेषण झाले की कर्ता गळतो. ‘ती उंच आहे’, ‘ती गोरी आहे’, तशी ‘ती डिस्टर्ब आहे’. जणू तो तिचा गुण आहे. तिला कशाने ढवळले, हा प्रश्नच वाक्यात उरत नाही.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचे लक्षण सांगताना दोन्ही बाजू एका श्लोकात घेतल्या आहेत: ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही. यात पहिली बाजू लक्षात घ्या. आपण दुसऱ्याला ‘मन शांत ठेव’ असा उपदेश फार करतो. आपल्यामुळे त्याला उद्वेग होतोय का, हे विचारायचे राहते.

किल्लारीचा हादरा

एक प्रसंग असा की जिथे वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ वेगळे करताच येत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे. दगड-मातीच्या जाड भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे १०,००० माणसे गेली.

‘आम्ही हादरलो’ हे वाक्य आपण एरवी सहज बोलतो. किल्लारीच्या माणसाने ते म्हटले तर मम्मटाची पहिलीच अट पुरी होत नाही, कारण मुख्यार्थाला बाधा नाहीच. जमीन हादरली, घर हादरले, तो स्वतः हादरला. तरीही त्याला एवढेच म्हणायचे नसते. दोन्ही अर्थ एकाच वेळी जिवंत असतात. पुढे गावे नव्या जागी वसवली, भूकंपात टिकतील अशी घरे बांधली. घरांची घडी बसवण्याला वेळापत्रक असते. पण रात्री छताखाली झोप न लागणे त्या वेळापत्रकाने जात नाही. घर मिळाले म्हणजे माणूस सावरला, असे मानणे म्हणजे लक्ष्यार्थ विसरणे. आणि नुसते ‘धीर धरा’ म्हणणे म्हणजे वाच्यार्थ विसरणे. त्याला भिंतही हवी असते.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले, ‘मग मराठीत डिस्टर्ब वापरूच नये का?’

वापरा की. भाषेच्या दारावर पहारेकरी बसवून कुणाचे भले झालेले नाही. या शब्दाने एक मोठे कामही केले आहे. पूर्वी ‘डोक्यावर परिणाम झालाय’ असे म्हणायचे, आणि ते घराण्याचे गुपित होऊन बसायचे. ‘डिस्टर्ब आहे’ म्हणताना मुलांना लाज वाटत नाही, ती निदान बोलतात. हे दार उघडे राहू द्या. फक्त दारातच थांबू नका. कुणी तसे म्हणाले की तीन गोष्टी विचारा. आधी कसे होते? कशाने ढवळले? आणि कसे झाले म्हणजे तुला बरे वाटेल? तिसऱ्याचे उत्तर ‘पहिल्यासारखे’ असेच येईल असे नाही. कधी कधी पहिल्यासारखे होणे हाच त्रास असतो. कार्यालयाच्या दारावर मात्र ‘कृपया व्यत्यय आणू नये’ पुरेसे आहे, आणि दोन गावांत तंटा असेल तर ‘तणाव’. जिथे नेमका शब्द हाताशी आहे तिथे तो घ्यावा.

एका विद्यार्थिनीचा प्रश्न, ‘ढवळणे चांगलेही असते असे तुम्ही म्हणता. मग मन शांत करायचे की नाही?’

करायचे. पण गाळ खाली बसवणे आणि वर झाकण ठेवणे यांत फरक आहे. आपल्या शहरात बाबासाहेबांनी १९५० मध्ये जे महाविद्यालय काढले त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. ज्या मिलिंद राजाचे ते नाव, त्याचे आणि भिक्षू नागसेनाचे संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहेत. त्यात श्रद्धेचे स्वरूप सांगताना नागसेन म्हणतो: चक्रवर्ती राजाचे सैन्य ओढ्यातून पार गेले, हत्ती, घोडे, रथ, पायदळ, आणि पाणी पार गढूळ झाले. राजाला तहान लागली. सेवकांनी पाणी निवळणारे रत्न त्यात टाकले, गाळ बसला, मग राजा प्याला.

यात बघा, ‘तुर्बा’ म्हणजे गर्दी, ती इथे सैन्याच्या रूपाने आलीच. सैन्य ओढ्यातून जायचे थांबत नाही. जगात राहायचे तर कुणी ना कुणी पार जाणारच. राजाने ओढा बदलला नाही, की पाणी गढूळ नाहीच असा आव आणला नाही. पाणी पिण्याजोगे केले आणि प्याला. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘आत्मबोधा’त याच्या पुढची पायरी आहे: निवळीची पूड पाणी स्वच्छ करते आणि शेवटी स्वतःही त्या गाळाबरोबर तळाशी जाते, तसे ज्ञान अज्ञान घालवून स्वतःही विरते. तेव्हा शांत करण्याचे साधनही कायम ढवळत बसायचे नसते. तुरटी जास्त वेळ फिरवली तर पाणी तुरट लागते, हे तुमच्या आजीला विचारा.